तळटीप क्रमांक एकोणचाळीस

वहीत होतं ते वाक्य,
माझ्याच अक्षरात, निळ्या शाईत,
अवतरणचिन्हांशिवाय.
दोन वर्षांनी वाचलं आणि वाटलं,
वा, हे मला सुचलं होतं तर!
तिसऱ्या प्रकरणाच्या तोंडाशी बसवूनही टाकलं:
पाण्याला अडवू नये, त्याला येण्याची वेळ सांगावी.

कुंकळ्येकर मॅडमनी समासात
पेन्सिलीने एवढंच लिहिलं: कोण म्हणतं?

मग पणजीच्या ग्रंथालयात
एसीखाली शाल पांघरून
चार दिवस उलटी चालत गेले.
सापडले सहस्रबुद्धे, अठ्ठ्याऐंशी साल, पान एक्केचाळीस,
"एका जाणत्या शेतकऱ्याने म्हटल्याप्रमाणे".
हायसं वाटलं.
कंस टाकला. नाव, साल, पान.
चोर तरी ठरले नाही.

पण त्याच वाटेवर आणखी अकरा जण भेटले.
एकाने शेतकऱ्याचा ग्रामस्थ केलेला,
एकाने सरळ लोकोक्ती,
म्हणजे कुणाचंच नाही, घ्या हवं त्याने.
आणि एका महाशयांनी
पुढचा अर्धा तोडून तीन टिंबं दिली होती:
पाण्याला अडवू नये...
तेवढ्यावर सिद्ध करून दाखवलं
की खाजनाचे बांध मुळातच चूक.

तीन टिंबं.
खेकडे बांधाला पाडतात
तीही भोकं एवढीशीच असतात.

रायबंदरहून फेरीबोट धरली, चोडणला उतरले.
इनास कुलासो मानशीवर बसला होता,
बांधातल्या लाकडी दारापाशी,
जे भरतीला आपसूक मिटतं, ओहोटीला उघडतं.
त्याला वाक्य वाचून दाखवलं.
तो हसला. म्हणाला, हें आमचे मांयचें.
आणि जसं होतं तसं म्हणून दाखवलं:
"उदकाक आडावं नाका, ताका येवपाचो वेळ सांग."

त्यात 'नये' नव्हतं, 'सांगावी' नव्हतं.
सुभाषित नव्हतंच ते.
पियेदाद कुलासो, गुडघाभर चिखलात उभी,
भरतीच्या तोंडावर पोरांवर खेकसतेय, एवढंच.
साहेब आले होते, इनास म्हणाला,
चहा घेतला, दोन उंडे खाल्ले.
नाव नाही विचारलं.

तिला कुणी शिकवलं? मी शास्त्र म्हणून विचारलं.
त्याने खांदे उडवले.
असेल तिच्या बापाचं.
पण ओरडायची ती. तिचं लिही.

मी कागदावर अवतरणचिन्हं काढून दाखवली,
म्हटलं, हिच्यामध्ये तिचं, बाहेर माझं.
बराच वेळ बघत राहिला.
मग मानशीच्या फळीवर थाप मारून म्हणाला,
दार जाग्यावर नसलं
की खारं गोड्यात शिरतं, बाई.
मग वर्षभर कोण कुणाचं, सांगता येत नाही.

नियमपुस्तिका म्हणते:
तोंडी माहिती असल्यास 'व्यक्तिगत संवाद',
पुढे तारीख; संदर्भसूचीत घेऊ नये.
पण माझा संवाद झालाच नव्हता तिच्याशी.
ती गेली तेव्हा मी चौथीत होते,
फोंड्याला, पाढे पाठ करत.

म्हणून सूचीत, काकोडकरांच्या खाली, लिहिलं:
कुलासो, पियेदाद. बांधावरून, ओरडून.
चोडण. साल अज्ञात.
मुलगा इनास याच्या आठवणीतून.

मॅडमनी 'ओरडून'खाली रेघ मारली.
खिडकीतून बाहेर पाहिलं.
मग माझ्याकडे खोडरबर मागितलं
आणि रेघ पुसली.

घरी येऊन वही काढली,
त्या निळ्या ओळीच्या दोन्ही टोकांना
लाल चिन्हं लावली, उशिराची.
आता मागची पानं तपासतेय एकेक.
सुंदर वाक्य दिसलं
की छातीत धस्स होतं.